मोटारीतला नवरदेव

तिकिटं कोमळमनं काढली होती, त्यामुळे नको म्हणायला कुणाला जागाच उरली नाही. भावाची साठी उद्यावर आलेली, घरात पाहुणे मावेनात, परसात आचाऱ्यांनी चुली मांडलेल्या आणि ही बाई दुपारच्या खेळाची तिकिटं मुठीत धरून सगळ्यांना घराबाहेर हाकत होती. राजामणीनं लिहिलेला सिनेमा कुंभकोणमला लागलाय आणि त्याचंच घर तो बघत नाही, म्हणजे गाव आपल्या तोंडात शेण घालेल, असं तिचं म्हणणं. राजामणी म्हणजे तिचा चुलतभाऊ. मद्रासला सिनेमाच्या गोष्टी लिहायचा. कोमळमच्या मुलाला त्यानंच स्टुडिओत चिकटवलं होतं, तेव्हापासून तिच्या लेखी राजामणीइतका शहाणा माणूस खानदानात झाला नव्हता.

तिचे भाऊ पंचापकेशन मात्र हेडमास्तर होते, निवृत्त झाले तरी हेडमास्तरच. सिनेमाला जाणाऱ्या पोरांचे कान त्यांनी जन्मभर पिळले होते. पण कोमळमनं त्यांनाही सोडलं नाही. "अण्णा, राजामणी उद्या पहाटे मद्रासहून खास तुमच्यासाठी येतोय. पहिला प्रश्न तोच विचारणार, पाहिलात का म्हणून. काय सांगणार आहात?" हेडमास्तरांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि निघाले. धर्मांबाळ मागून निघाली. नवऱ्यानं सिनेमाला जायचं आणि आपण मागे राहून आचाऱ्यांवर नजर ठेवायची, एवढी काही ती साध्वी नव्हती.

थिएटरात बायकांची बाजू निराळी, मधे कमरेएवढी भिंत. धर्मांबाळच्या एका अंगाला कोमळम, दुसऱ्या अंगाला लेक अखिला. अखिला त्रिचीहून नवऱ्या-पोरांसकट आली होती आणि आल्यापासून हसण्याच्याच तयारीत होती. सिनेमा होताही तसा. एक वकील, त्याची अल्लड पोर, दोन चुलतभाऊ, एकाचं लग्न ठरलेलं आणि दुसऱ्याला कामधंदा नाही. माणसं एका दारातून आत जात होती आणि भलत्याच दारातून बाहेर येत होती. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. धर्मांबाळही हसत होती. कित्येक दिवसांनी तिला कुणी काही मागत नव्हतं, अंधारात बसून नुसतं बघायचं होतं, आणि ते तिला आवडलं होतं.

मग पडद्यावर लग्नाची आदली संध्याकाळ आली. जानवासमची, म्हणजे नवरदेवाच्या वरातीची मोटार निघाली. उघडी मोटार, फुलांनी मढवलेली, पुढे सनईसारखं नादस्वरम, दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या, आणि मोटारीत कोट घालून बसलेला नवरदेव. तो लोकांकडे बघून हसत होता. माडीवरच्या खिडकीच्या गजाला धरून नवरी त्याला बघत होती. ओळखीचं वाटलं धर्मांबाळला, पण जानवासम काय सगळ्यांच्याच लग्नात असतं. तिनं मनाला लावून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी माळा घालायची वेळ. नवरीला मामानं खांद्यावर उचललेलं, नवऱ्याला त्याच्या मामानं. नवरीनं मान वर केली, समोर पाहिलं आणि खांद्यावरूनच ओरडली, "मामा, हा तो नाही!" नादस्वरम थांबलं, ताशा थांबला, सगळा मांडव चिडीचूप झाला, फक्त शास्त्रीबुवा डोळे मिटून मंत्र म्हणतच राहिले. त्यांना ऐकूच कमी येत होतं. आणि धर्मांबाळ हसली. पोटातून, मोठ्यांदा, तोंडाला पदर लावायचंही भान राहिलं नाही. कारण तसंच झालं होतं. अगदी तस्संच. तिच्या लग्नातला बहिरा शास्त्री असाच मंत्र म्हणत राहिला होता आणि त्यात हसण्यासारखं काही होतं हे इतक्या वर्षांत तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर नवऱ्या मुलाचं तोंड आलं, पडदाभर. शाईनं काढल्यासारखे काळे ठिपके, कपाळापासून हनुवटीपर्यंत. देवीचे वण. थिएटर कोसळलं हसून. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी शिट्टी मारली. धर्मांबाळचं हसणं थांबलं. शेजारी अखिला हसत होती, मग हळूहळू तीही थांबली.

"अम्मा," ती कानाशी म्हणाली, "हे आपलं आहे का?"

भिंतीपलीकडे नवऱ्याकडे मान वळवून बघायचं धाडस धर्मांबाळला झालं नाही. पुढच्या रांगेतल्या दोघी-चौघी बायका मागे वळून तिच्याकडे बघत होत्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. जुन्या बायका त्या, त्यांना सगळं माहीत होतं. कोमळम मात्र खुशीत होती. भावजयीला म्हणाली, "बघ मन्नी, अमर केलं राजामणीनं तुला."

पस्तीस वर्षांपूर्वी तिरुविडैमरुदूरला धर्मांबाळचं लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दाखवायच्या दिवशी तिनं शिरा-भज्यांचं, सोज्जी-बज्जीचं ताट नेऊन ठेवलं, खाली मान घालून गाणं म्हटलं, नमस्कार केला आणि आत गेली. नवऱ्या मुलाचे पाय तेवढे तिनं पाहिले. डोकं वर करून बघणारी मुलगी कुणी पसंत केली नसती, तिलाही ते सुचलं नाही. मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी माडीच्या खिडकीतून तिनं मोटारीतला माणूस पाहिला. हसरा होता. रात्रभर तो चेहरा तिनं मनात घोळवला, त्यात तिचं काय चुकलं? सकाळी मामाच्या खांद्यावरून पाहिलं तर समोर कुणी दुसराच. तिला वाटलं, घोटाळा झालाय, दुसऱ्याच्या लग्नातला मुलगा आणून उभा केलाय. म्हणून ओरडली.

वण तिला दिसलेही नव्हते तेव्हा. ते दिसले नंतर, पाटावर शेजारी बसल्यावर. मुलगी पसंत केल्यावर दोन महिन्यांनी मुलाला देवी आल्या होत्या. सासूनं त्या संध्याकाळी तिच्या वडिलांना एवढंच सांगितलं की मुलाला थोडा ताप आहे, वरातीची वेळ चुकायला नको म्हणून पुतण्याला मोटारीत बसवलंय, बायकांत बोभाटा नको. लग्नविधीतल्या लटक्या काशीयात्रेला निघालेल्या जावयाला थांबवायला सकाळी वडील छत्री घेऊन पुढे झाले, तेव्हा त्यांनी ते तोंड उजेडात पाहिलं. पण तोवर पाचशे माणसांच्या भाज्या चिरून झाल्या होत्या आणि भात चढला होता. वडील गप्प बसले.

आणि मग जन्मभर ते तिच्यावर आलं. मांडवात ओरडलेली पोर. नवऱ्याला न ओळखणारी. कोमळमच्या जिभेला हाड नव्हतं, दर सणाला, दर बारशाला ती तो किस्सा काढायची आणि लोक हसायचे. धर्मांबाळला एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. तुम्ही फसवलंत, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचं वाक्य नवऱ्याच्या तोंडावर गेलं असतं, आणि तिथे तिला जायचं नव्हतं. म्हणून तिनं लोकांचं हसणं स्वतःवर घेतलं आणि राग सासूवर ठेवला. सासू स्वतःच सांगायची, "मी बसवलं राजामणीला, मी. कुणाला काय विचारायचं असेल तर मला विचारा." धर्मांबाळनं कधी काही विचारलं नाही. बोलली तेवढीच, कामापुरती.

घरी आल्यावर पाहुण्यांत दोन तट पडले. कोमळम आणि तरणी मंडळी म्हणत होती, गंमत म्हणून घ्या, पंचवीस आठवडे चाललाय सिनेमा. अखिलाचा नवरा म्हणत होता, राजामणीकाकांना उद्या दारातूनच परत पाठवा. अखिला कुणाच्याच बाजूला नव्हती. ती भाज्या निवडायला बसली होती आणि मुलं सिनेमातल्या नवऱ्याची नक्कल करायला लागली तेव्हा तिनं थोरल्याच्या पाठीत असा धपाटा घातला की घर गप्प झालं. पोरगा रडतही नव्हता, काय चुकलं ते त्याला कळेना. अखिलालाही सांगता येईना.

दिवेलागणीला धर्मांबाळ माडीवर गेली. पंचापकेशन खिडकीकडे पाठ करून बसले होते. उद्याचं नऊवारी रेशीम, नवं वेष्टी-धोतर, साठीला बायकोच्या गळ्यात पुन्हा बांधायची सोन्याची नवी ताली, म्हणजे मंगळसूत्र, सगळं पेटीवर मांडून ठेवलेलं. त्यांनी त्यातलं काही हातात घेतलं नव्हतं.

"कॉफी आणू का?" तिनं विचारलं.

"शास्त्र्यांना निरोप पाठव," ते म्हणाले. "उद्या होम करा म्हणावं, दान द्या म्हणावं. पाटावर मी बसणार नाही."

"लोक जमलेत."

"म्हणूनच. निम्म्या थिएटरात माझे विद्यार्थी होते. उद्या तेच पंगतीला आहेत. माझं तोंड बघून त्यांना काय आठवेल ते मला कळतं."

तिनं राजामणीला शिव्या घालायला सुरुवात केली. त्या सगळ्या त्यांनी ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "तू हसलीस."

धर्मांबाळला खरं वाटेना. भिंतीपलीकडून, एवढ्या गोंगाटातून?

"मी ओळखलं," ते म्हणाले. "आधी वाटलं, दुसरी कुणी असेल. घरात तुला असं हसताना ऐकलं नव्हतं ना कधी. मग म्हटलं, नाही, तीच. आणि बसून राहिलो. पस्तीस वर्षांत मी काय केलं ह्या घरात, की हिला हसायला तिकीट काढावं लागलं."

"मी शास्त्र्याला हसले. बहिरा होता तो. मंत्र म्हणत राहिला, म्हणून. तुमच्या तोंडाला नाही हसले, शपथ."

"मला फरक कसा कळणार?"

ती उभी राहिली, मग कॉफी आणते म्हणून खाली आली आणि चुलीपाशी नुसतीच बसली. लाज अशी वाटत होती की आचाऱ्यानं मिठाचं विचारलं तरी तिला मान वर करवेना. ज्या माणसाचं तोंड वाचवायला ती इतकी वर्षं गप्प राहिली, त्याच्यावर हसणाऱ्यांत आज तिचा आवाज होता आणि त्यानं तो वेगळा काढून ओळखला होता. शास्त्र्यांना निरोप तिनं पाठवला नाही. पाठवला असता तर कारणही सांगावं लागलं असतं.

पहाटे राजामणी आला. सिनेमा कंपनीची मोटार, फळांची करंडी, अत्तराचा वास. अठ्ठावन्नचा झाला तरी हसरा तो हसराच. पण घरानं त्याचं जसं स्वागत केलं त्यावरून काय झालंय ते त्याला ओटीवरच कळलं. अखिलाच्या नवऱ्यानं पाणीही विचारलं नाही. कोमळम त्याला हाताला धरून आत घेऊन आली आणि मोठ्यांदा सगळ्यांशी त्याची ओळख करून देत सुटली, तो मात्र डोळ्यांनी पंचापकेशनांना शोधत होता.

पंचापकेशन खाली आले. आंघोळ झालेली, कपाळाला भस्म. कुणाशी न बोलता येऊन पाटावर बसले. धर्मांबाळ शेजारी बसली. ते का बसले हे तिला कळलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. होम झाला. मुला-नातवंडांनी कलशांचं पाणी दोघांच्या डोक्यावर ओतलं. ओलेती दोघं उठली, नवी वस्त्रं नेसून पुन्हा येऊन बसली. दाराशी विद्यार्थी उभे होते, मोठमोठे झालेले, कुणी वकील, कुणी बँकेत. त्यांच्याकडे न बघता धर्मांबाळ आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

शास्त्र्यांनी ताली पंचापकेशनांच्या हातात दिली. नादस्वरम वाजवणाऱ्यानं श्वास भरून घेतला. आणि नेमकी तेव्हा कोमळम म्हणाली, "मन्नी, ह्या वेळी आधी नीट बघून घे हं. तोच आहे ना?"

हसले लोक. सगळे नाही, पण हसले. धर्मांबाळची मान आणखी खाली गेली. तिला वाटलं, आता हे उठतील. पंचापकेशन उठले नाहीत. त्यांनी हातातली ताली पुढे केलीच नाही, वाजवणाऱ्याला हातानं थांबवलं आणि शाळेत बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "कोमळम, तुला जो किस्सा माहीत आहे तो खोटा आहे. सिनेमातलाही खोटा आहे."

"अण्णा, नको," राजामणी मागून म्हणाला. तो खांबाला धरून उभा होता. "ते मी लिहिलं नाही. ते मी कधीच लिहिणार नव्हतो."

"माहीत आहे. म्हणून तुझ्यावर मी रागावलेलो नाही. ते मलाच सांगू दे." मग ते धर्मांबाळकडे वळले. गर्दीकडे त्यांनी पाठच केली. "ऐक आधी. मग ही बांधू की नको, तू सांग. मोटारीत राजामणीला अम्मानं बसवलं नाही. मी बसवलं. तिला हे पसंत नव्हतं. ती म्हणत होती, मुलीच्या बापाला तोंड दाखवू, देतील तर देतील. मी तिचे पाय धरले. संध्याकाळी तुझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं. सकाळी म्हणता येणार नाही हे मला कळत होतं. तुझं गाणं ऐकून आलो होतो मी, मला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं."

शास्त्रीसुद्धा मंत्र थांबवून ऐकत होते.

"आणि ते आपण केलं असं अम्मानं का सांगितलं, तेही ऐक. ती मला म्हणाली, तुला हिच्याबरोबर जन्म काढायचाय, हिचा राग माझ्यावर राहू दे. मी राहू दिला. ती होती तोवर आणि नंतरही. तू तिच्याशी कशी वागायचीस ते मी रोज बघत होतो आणि तोंड उघडलं नाही. काल थिएटरात सगळे मला हसले, त्याचं काही नाही. नवरीला वेडी ठरवून हसतात, ते मला बसून ऐकवेना."

कोमळमचं तोंड उघडंच राहिलं होतं. आईबद्दलचं हे तिलाही नवीन होतं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि ती माणसांच्या मागे सरकली.

ताली पंचापकेशनांच्या हातात तशीच होती. धर्मांबाळनं पहिल्यांदा डोकं वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रागवायला हवं होतं तिला. राग आलाही, पण तो त्यांच्यापर्यंत पोचेना, वाटेत सासू आडवी येत होती. शेवटचं वर्ष ती अंथरुणावर होती. धर्मांबाळनं तिचं सगळं केलं, अंग पुसलं, कुशीवर वळवलं, पेज भरवली, कुणाला नाव ठेवायला जागा दिली नाही. रोज संध्याकाळी म्हातारी म्हणायची, "जरा बैस ना गं इथं." आणि रोज धर्मांबाळ म्हणायची, काम आहे. एकदाही बसली नव्हती. म्हातारी खरं काय ते दोन शब्दांत बोलली असती तर सुटली असती. ते ती शेवटपर्यंत बोलली नाही आणि मुलगा दाराशी उभा राहून हे बघत होता.

"बांधा," धर्मांबाळ म्हणाली. "लोक उपाशी आहेत." आणि तिनं मान पुढे केली.

नादस्वरम वाजलं. अक्षता पडल्या. आधी राजामणी पुढे आला आणि दोघांच्या पायांवर आडवा झाला, उठेचना, शेवटी अखिलाच्या नवऱ्यानंच त्याला दंडाला धरून उठवलं. मग कोमळम आली, डोळे सुजलेले. मग लेक, जावई, नातवंडं, विद्यार्थी, शेजारीपाजारी. साठी झालेल्या जोडप्याच्या पाया पडलं की पुण्य लागतं म्हणून गल्लीतली अनोळखी माणसंही रांगेत उभी राहिली. एकेक जण वाकत होता आणि धर्मांबाळ प्रत्येकाच्या डोक्यावर अक्षता टाकत होती. सासूपाशी कधी न थांबलेले ते पाय प्रत्येक वेळी तिला मागे ओढून घ्यावेसे वाटत होते, पण मागे भिंत होती.